सहाशे चाळीस डाव्या बाह्या

—हळू. हळू बोला हो साहेब, दार नुसतं लोटलंय, आत तेवीस माणसं झोपलीत. हो, तेवीस. तुम्ही मघाशी एकवीस लिहिलीत, मी बघितलं — दोघी कापडाच्या गठ्ठ्यांमागे आहेत, त्या तुम्हाला दिसल्याच नाहीत. दिसणार कशा, डोळे बघा तुमचे, लाल झालेत नुसते. आणि एक सांगू? सकाळपासून बोलू की नको बोलू करतेय — शर्टाचं बटण एक घर चुकलंय तुमचं. वरपासून खालपर्यंत. तिकडे तोंड करा, मी नाही बघत, लावून घ्या. आमच्या धंद्यात हे डोळ्यात खुपतं बघा, माणसाचं तोंड नंतर दिसतं, आधी बटणं दिसतात. लावलंत? आता कसं. आता साहेब दिसताय.

बसा इथंच, जिन्याच्या पायरीवर. खुर्ची आणली असती पण सरकवताना आवाज होतो, आणि आमचा काजवाला, बटणांची काजं करणारा — तो कोपऱ्यातला, पोटावर हात ठेवून झोपलेला, तो घोरणारा हो — त्याला एवढ्यानं जाग येते. स्वतःच्या घोरण्यानं येत नाही, खुर्चीनं येते. तर तुमचं काम काय, धाकट्या मालकांनी तुम्हाला घड्याळ घेऊन पाठवलंय, जेवणानंतरची ही पंचवीस मिनिटं मोजायला. बरोबर ना? तेवीस माणसं गुणिले पंचवीस मिनिटं, गुणिले महिन्याचे दिवस — मांडलंय ना तुम्ही ते, कोपऱ्यात चौकट करून? आणि खाली रिकामी जागा सोडलीये, तिथं तुम्ही लिहिणार, ही वेळ उपयोगाची की वाया. वाया लिहिलंत की एक तारखेपासून झोप बंद. मला माहितीये सगळं. म्हणून तर आज मी झोपले नाही, तुमच्याशी बोलायला बाहेर बसले. चार वर्षांत पहिल्यांदा माझी झोप बुडतेय, आणि ती तुमच्यापायी — हेही लिहा.

जांभई आली? येऊ द्या, दाबू नका, कानात दडे बसतात. किती झोपलात काल? — नाही, सहज विचारत नाहीये. माझा रोजचा प्रश्न आहे तो. सकाळी आत येणाऱ्या प्रत्येकाला दारात विचारते, किती झोपलास, किती झोपलीस. आणि खोटं बोललेलं कळतं मला. सुई ओवायला सांगायची. पहिल्या झटक्यात ओवली तर मशिनीवर बस, तीनदा चुकली तर आज धागे कापायचे, कडा मोजायच्या, गठ्ठे बांधायचे, पण सुरीला हात लावायचा नाही. आमची सुरी म्हणजे घरातली नव्हे, विजेवर उभी चालते, ऐंशी थर कापड एका दमात कापते. बोट तिच्यासाठी काहीच नाही. सुरुवातीला रागवायचे सगळे, मास्तरबाईंना वेड लागलंय म्हणायचे. आता येतानाच सांगतात, मास्तरबाई, रात्री पोरगी रडत होती, आज मला धाग्यांवर ठेवा. आपणहून सांगतात. पाच तास? तुम्ही पाच तास म्हणालात? मोबाइल उशाशी घेऊन ना? मग त्यातला एक कापा. हे बघा, माझ्याकडे असतात तर आज धागे कापले असते तुम्ही.

हसताय, पण मी पण तुमच्यासारखीच होते. तुमच्यापेक्षा वाईट. मला मिरवायची हौस होती — चार तासांत झोप पूर्ण होते माझी, बाकीच्यांना काय लागतंय आठ तास, लोळायचं निमित्त. मोठे मालक सगळ्यांसमोर म्हणायचे, मास्तरबाईंकडून शिका, बघा कधी थकलेल्या दिसतात का. की मी अजून ताठ. तीस वर्षं झाली या टेबलाशी उभी राहून, साहेब, त्यातली सव्वीस मी अशीच काढली. कधी मान आखडली, कधी डोळ्यापुढं काळं आलं, घरात कुणी हाक मारली तर अंगावर जायचे मी — नवरा म्हणायचा, तुझ्याशी बोलायच्या आधी चिठ्ठी टाकून विचारावं लागतं. गंमत म्हणून म्हणायचा. गंमत नव्हती ती. आणि इथं तरी काय, माणूस टिकत नव्हता. वर्ष भरलं की निम्मी माणसं सोडून जायची, पुन्हा नवी आणा, पुन्हा शिकवा, पुन्हा चुका. आत गेलात की डाव्या हाताला गाठोडं आहे बघा, चुकलेल्या तुकड्यांचं. आता महिन्याचं गुडघ्याइतकं होतं. तेव्हा माझ्या कमरेच्या वर जायचं. मोजून घ्या ना, पट्टी देते, तुम्हाला मोजायला आवडतं.

कशावरून झोपेनं झालं म्हणता? सांगते. गोष्ट आहे त्याची. आमच्या घरात ही गोष्ट मी पन्नासदा सांगितली असेल, पाहुणे आले की सांगायला लावतात. डावीकाकूची गोष्ट. डावीकाकू म्हणजे माझी थोरली जाऊ — नवऱ्याच्या मोठ्या भावाची बायको. तीही इथंच होती कामाला, माझ्याच टेबलावर, कापडाचे थर घालायची. तुमचा तो कागद द्या जरा. नाही फाडत हो, परत देते. हे बघा — ही लिहिलेली बाजू सुलटी, ही कोरी बाजू उलटी. कापडालाही असते तशी. पहारेकऱ्यांच्या शर्टाचं जाड कापड होतं ते, सुलट बाजूला तिरप्या रेघा आणि उलट बाजू सपाट, लपवायची सोय नाही. आता थर दोन तऱ्हेनं घालता येतात. एक म्हणजे सगळे सुलटे, वर तोंड करून. मग आखताना डावी बाही आणि उजवी बाही अशा दोन्ही आखायच्या. दुसरी तऱ्हा तोंडाला तोंड — एक थर सुलटा, त्याच्यावर दुसरा पालथा. मग एकच बाही आखली तरी चालते, एका थरातून डावी निघते, दुसऱ्यातून उजवी. कळलं? नाही कळलं, चेहऱ्यावर दिसतंय. असं करा, दोन्ही हात एकावर एक ठेवा, तळव्याला तळवा. आता कुणी वरून कापलं तर एक डावा निघेल, एक उजवा. आणि दोन्ही तळवे जमिनीकडे ठेवून एकाच आखणीनं कापलं, तर दोन्ही डावेच निघतील — हां. आता कळलं.

तर पहारेकऱ्यांची ऑर्डर. त्यांनी जागं राहावं म्हणून आम्ही जागत होतो — तीन आठवडे, रोज चौदा तास. शर्टाची अंगं आदल्या दिवशी कापून झाली होती, ती सगळ्या थरांची तोंडं वर ठेवून. दुसऱ्या दिवशी बाह्या. बाहीची आखणी तोंडाला तोंडची, एकच बाही, आठ ठिकाणी. आणि जाऊबाईंनी थर घातले सगळेच्या सगळे सुलटे. ऐंशी थर. मी वरून आखणीचा कागद ठेवला, सुरी फिरवली. आठ गुणिले ऐंशी — करा, तुमच्या आवडीचा गुणाकार. सहाशे चाळीस बाह्या. सगळ्या डाव्या. एकही उजवी नाही. गठ्ठे बांधून शिवणाऱ्या बायकांकडे गेले आणि पंधरा मिनिटांनी एक जण उठून आली, म्हणाली, मास्तरबाई, हे पहारेकरी एका हाताचे आहेत का? काय हसले सगळे. हसता हसता थांबले मग. कापड संपलेलं, तसलं परत मिळेना. मोठे मालक खाली आले, टेबलाजवळ उभे राहिले, म्हणाले, थर कुणी घातले? आणि संध्याकाळी जाऊबाई घरी गेल्या त्या गेल्याच. तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव डावीकाकू. लहान पोरांना तर वाटतं तिचं खरंच नाव आहे ते. मीच ठेवलं. माझी जीभ अशीच आहे, साहेब, एखादं नाव ठेवलं की चिकटतं. ती आली की मी म्हणायचे, या, डाव्या बाजूनं या. सगळे हसायचे. ती पण हसायची आधी आधी.

त्यानंतर महिन्याभरात मी मोठ्या मालकांपुढं उभी राहिले. म्हटलं, बाई थकली होती म्हणून चुकली, झोप झाली असती तर चुकली नसती, मला रोज पंचवीस मिनिटं द्या आणि चौदा तासांचे दिवस बंद करा, चुका कमी नाही झाल्या तर मला काढा. दिली त्यांनी. आणि झाल्या कमी. झाल्या की नाही? गाठोड्याचं सांगितलं ना तुम्हाला.

काय म्हणालात?

नाही, ऐकू आलं मला. परत म्हणा जरा. — चुका कमी झाल्या, पण त्या झोपेनंच झाल्या हे कशावरून. चुका करणारी बाई त्याच महिन्यात गेली. तिच्या जाण्यानं झाल्या असतील. असं म्हणताय तुम्ही. लिहिताय पण तसं? थांबा. पेन खाली ठेवा. हे बघा, हे असं नसतं हो, तुम्ही एका सकाळच्या ओळखीवर — चुका करणारी बाई. कुणी सांगितलं तुम्हाला ती चुका करणारी होती? मी सांगितलं. हो, मीच सांगितलं, पण मी म्हणाले तिच्या हातून एक — अहो, अठ्ठावीस वर्षं तिनं थर घातले. कापडाची कड नुसत्या अंगठ्यानं लावायची, पट्टी लागायची नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला बटण लावता येत नव्हतं. मला या कारखान्यात तिनं आणलं. कात्री कशी धरायची ते तिनं शिकवलं, माझ्या हातावर हात ठेवून. मी पुढं गेले, मास्तरबाई झाले, ती थरांवरच राहिली, तरी एका शब्दानं कधी — चुका करणारी बाई म्हणे. तुमचं आपलं घड्याळ आणि गुणाकार. तसं लिहिलंत तर फाडेन मी कागद.

माफ करा. आवाज चढला. बघा ना जरा, उठलं का कुणी? नाही ना. काजवाला घोरतोय ना, मग ठीक आहे.

तुमचं बरोबर आहे पण. म्हणजे हिशेबानं बरोबर आहे. दोन गोष्टी एका महिन्यात झाल्या, बाई गेली आणि झोप आली, मग चुका कशानं कमी झाल्या ते कसं कळणार? धाकटे मालकही हेच म्हणतील. म्हणतील, मास्तरबाई, निष्काळजी माणूस काढलं की काम सुधारतंच, त्याला झोपायला कशाला पाहिजे. आणि आत ती ओव्हरलॉकवाली आहे, कडा गुंफायच्या मशिनीवरची, दोन लेकरं एकटीनं वाढवते — तिला पुन्हा चौदा तासांवर बसवतील. तिचं बोट जाईल हो. मी बघितलंय बोट जाताना. तुम्हाला दुसरा काही पुरावा नको का? गाठोडं नाही चालत? माणसं टिकतात, चार वर्षांत दोघंच सोडून गेली, ते नाही चालत? तरी ती बाई मधे येतेच. येणारच. मीच तर आणून बसवली तिला मधे.

तिनं विचारलं होतं, साहेब.

थर घालायच्या आधी ती नेहमी विचारायची, कशी घालू. त्या दिवशीही विचारलं. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होते, हातात खडू, उभ्या उभ्या डोळे मिटत होते माझे. म्हणाली, कशी घालू ग, तोंडाला तोंड ना? मी म्हटलं, सगळी सुलटी घाल. आदल्या दिवसाचं डोक्यात बसलेलं. तिनं दुसऱ्यांदा विचारलं, अग बाह्या आहेत ना, सगळी सुलटी कशी? आणि मी खेकसले तिच्यावर — मास्तर तू का मी, किती वेळा विचारशील. सगळ्यांसमोर. मग तिनं घातली, मी सांगितली तशी.

नाही, थांबा, मला बोलू द्या, मग काय ते विचारा. मोठ्या मालकांनी विचारलं ना, थर कुणी घातले — तेव्हा मला आठवत नव्हतं. शपथेवर सांगते, काही म्हणजे काही आठवत नव्हतं, मी सांगितलं, तिनं विचारलं, सगळं पुसून गेलं होतं. मी म्हटलं, थर ताईंनी घातले — तेव्हा ताई म्हणायचे मी तिला. खोटं नव्हतं ते. ताईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ही अशी का बघतेय. खरंच वाटलं हो. तिनं डबा उचलला आणि गेली. मग कापड नाही म्हणून दोन दिवस कारखाना बंद. मी घरी जाऊन आडवी झाले आणि अकरा तास झोपले, आयुष्यात पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला उठले, उन्हात बसले, डोकं इतकं स्वच्छ झालेलं — आणि आठवलं. सगळं आठवलं. खडू कुठल्या हातात होता, ती कुठल्या बाजूला उभी होती, माझा तो आवाज. झोप झाली आणि आठवलं. झोपेचा पुरावा मागता ना तुम्ही? याच्यापेक्षा मोठा माझ्याकडे नाही.

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. मग का नाही सांगितलं? काय सांगू तुम्हाला. आधी म्हटलं, उद्या सांगू. मग मालकांनी झोपेची वेळ मान्य केली, म्हटलं, आता सांगितलं तर तीही जाईल, एवढ्या माणसांचं भलं होतंय. बघा, किती छान कारण सापडतं माणसाला. मग ते नाव पडलं. नाव ठेवलं की सगळे हसतात आणि हसणाऱ्यांना कुणी विचारत नाही की झालं काय होतं. मी काही नुसती गंमत करत नव्हते, साहेब. प्रत्येक वेळी तिला डावीकाकू म्हणताना मी जरा जरा झाकून घेत होते. आणि तिला ते माहीत होतं. समोर बसून ऐकायची, मला माहितीये हे तिला माहीत होतं, आणि पोरं हसायची. गेल्या दोन वर्षांत ती आमच्याकडे आलीच नाही. आजारी आहे म्हणते, पाय दुखतात म्हणते. मला लाज वाटते. रोज पंचवीस मिनिटं सगळ्यांना झोपवते, पाठीवर हात फिरवावा तसं वाटतं, आणि स्वतः तिकडे तोंड करून पडले की ती दिसते, कापडाची कड अंगठ्यानं लावताना.

तुम्ही लिहायचे थांबलात. का? लिहा ना. लिहा — बाह्यांची चूक थर घालणाऱ्या बाईची नव्हती, कटिंग मास्टरची होती. तीन आठवडे चार-चार तास झोपलेल्या मास्टरची. ती बाई गेल्यानं काही सुधारलं नाही, चूक करणारी इथंच होती, टेबल तेच, सुरी तीच, हात तेच. फक्त ती आता झोपते. आता लागतो का तुमचा हिशेब? लागतो ना. मग वाया लिहू नका. हो, माहितीये, हे वाचून धाकटे मालक मला विचारणार. काढतीलही. माझ्याजागी कोण ते पण सांगते, ती गठ्ठ्यामागे झोपलेली उंच मुलगी, तयार झालीये, रोज सुई पहिल्या झटक्यात ओवते. द्या इकडे, सही करते खाली, नाहीतर म्हणतील मास्तरबाईंनी असंच काहीतरी रचून सांगितलं. पेन हलकंय तुमचं.

एकच करा. आज देऊ नका हा कागद. उद्या सकाळी द्या. तिला कागदावरून कळायला नको, कुणाकडून ऐकायला नको. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकतेय, इथून दोन थांब्यांवर तर राहते ती, बटणांच्या दुकानात बसते. दुपारी गिऱ्हाईक नसतं. आणि घरी पोरांनाही सांगायला हवं, की — सोबत? तुम्ही कशाला, तुम्ही काय सांगणार तिला, टक्केवारी? घरी जा, त्या मोबाइलला दुसऱ्या खोलीत ठेवा आणि झोपा. बटण चुकवून फिरणाऱ्या माणसाला मी सोबत नेत नसते.

जाईन आणि म्हणेन, ताई — ताई म्हणेन, बरं का, ते दुसरं नाही. म्हणेन, ताई, त्या दिवशी तू विचारलं होतंस. दोनदा विचारलं होतंस. आणि मी — मग पुढं काय? पुढचं तुम्हाला एवढं घडाघडा सांगितलं मी, तासभर असती वेळ तर तासभर सांगितलं असतं. तिच्यासमोर काय म्हणू? ती काउंटरमागे उभी असेल, वर बघेल, आणि मी...

जा तुम्ही. जा हो, असे बघत उभे राहू नका. मला सुट्टीची चिठ्ठी लिहायचीये.